खडीच्या ढिगातला रविवार

मला एका जागी बसता येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दुचाकीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, सूनबाईने स्कूटरची किल्ली तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवली, तरी दुपारी घर झोपलं की मी डबा उघडतो. अंगणात जाऊन गाडी स्टँडवर असतानाच सुरू करतो, तिचा आवाज थोडा वेळ ऐकतो आणि बंद करतो. किल्ली परत डाळीत. सून मुलाला म्हणते, न चालवता पेट्रोल कमी होतंय, टाकी गळत असेल. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो. बाबांनी माझं हे लक्षण फार पूर्वी ओळखलं होतं. ते म्हणायचे, "ह्याच्या पायाला भिंगरी होतीच. आता भिंगरीला इंजिन लागलं."

त्या वर्षी लातूर जिल्हा झाला आणि पाऊस झाला नाही. दोन्ही गोष्टी पाठोपाठ आल्यामुळे लोकांनी त्यांची सांगड घालून टाकली. नळ कोरडा निघाला की शेजारच्या काकू घागर आपटून म्हणायच्या, "जिल्हा पाहिजे होता ना? घ्या आता जिल्हा." मी नव्या कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. कचेरी म्हणजे भाड्याचं घर. टेबलं यायची होती, म्हणून आम्ही लाकडी खोक्यांवर बसायचो. जुन्या जिल्ह्यातून ट्रक भरून दप्तरं यायची आणि ती उपसून कुठलं गाव आपलं, कुठलं त्यांचं, हे लावत बसायचं. दिवसभर नुसती गावांची नावं. ज्या गावात मी कधी गेलो नव्हतो, तिथली माणसं कुठे पाणी भरतात आणि कशावरून भांडतात, हे मला कागदावरून माहीत. खिडकीबाहेर पांढरं ऊन आणि टँकरचा भोंगा. शनिवार आला की माझे पाय खोक्याखाली आपोआप हलू लागायचे. सहा दिवस नावं वाचायची आणि सातव्या दिवशी ती गावं बघायला सुटायचं, असा माझा शिरस्ता होऊन बसला.

सुटणारे आम्ही तिघे. एक मी, जुन्या लाल राजदूतवाला. दुसरा रफीक, बसस्टँडमागे त्याचं गॅरेज होतं. माझी गाडी त्यानेच तीन गाड्यांचे अवयव जोडून उभी केली होती, त्यामुळे ती त्याचं पोर असल्यासारखा तो तिच्या मागे बसायचा आणि माझा गिअर चुकला की माझ्या पाठीत गुद्दा घालायचा. तिसरा बसवराज, म्हणजे आमचा बसू. उदगीरच्या आडत दुकानदाराचा मुलगा, जातीने लिंगायत. लातूर जिल्ह्याचं ठिकाण झाल्यावर वडिलांनी त्याला तिथे दुसरं दुकान टाकून दिलं होतं. पण बाजारात मालच नव्हता. रिकाम्या दुकानात बसून बसू माश्या मारायचा आणि रविवारी वडिलांची बुलेट बाहेर काढायचा. बुलेट पुढे धबधब करत, आमची राजदूत मागे टरटर करत, असं आमचं लग्नाचं वऱ्हाड औशाला, उदगीरला, कधी पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत जायचं. आमचा एक नेम होता. स्टँडवरून गाडी खाली उतरली की घराचं नाव काढायचं नाही. जो काढेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. दुसरा नेम धुळीचा. निघताना आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर टॉवेल भिजवायचा, नाकातोंडाभोवती गुंडाळायचा आणि त्याची टोकं मानेमागे गाठीत बांधायची. वाऱ्याने तो दोन कोसांत खडखडीत व्हायचा.

वाटेतल्या हॉटेलात आम्ही एकाच ताटलीतली भजी खायचो. पहिला घास घ्यायच्या आधी बसू शर्टावरून छातीला हात लावायचा, डोळे मिटून उघडायचा आणि मग असा तुटून पडायचा की आमच्या वाट्याला मिरच्याच उरायच्या. तिथे त्याच्या गळ्यातलं लिंग असतं हे आम्हाला माहीत होतं. दीक्षेच्या वेळी स्वामींनी दिलेलं, काळं, सुपारीएवढं. घरी ते चांदीच्या डबीत असायचं, पण प्रवासात चोरचिलटांच्या भीतीने त्याची आई भगव्या फडक्यात बांधून गळ्यात घालायला लावायची. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. रफीकची नमाज, बसूचं लिंग आणि आमचा बुद्ध, तिघेही पेट्रोलच्या वासापुढे गप्प असायचे.

माझं घर कंधारच्या अलीकडे एका लहान गावात. बाबा तिथे शाळामास्तर होते, गावात त्यांना गुरुजीच म्हणत. धर्मांतराच्या वर्षी, ऐन तरुणपणी, त्यांनी घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि मन्याड नदीच्या डोहात नेऊन सोडले. त्यानंतर त्यांनी कुठल्या मूर्तीला हात लावला नाही की देवळाची पायरी चढली नाही. आमच्या माळवदाच्या घरात भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती, ती रोज पुसली जायची, एवढंच. माझ्या भटकण्याचा बाबांना तिटकारा होता. नोकरी लागली, आता परीक्षा दे, वर चढ, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी घरी गेलो असताना दोस्तांचं कौतुक सांगत होतो. बसू कसा आपल्याच ताटलीत खातो वगैरे. बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"हॉटेलात सगळेच जेवतात. तिथं गल्ला सगळ्यांचाच सारखा वाजतो. घरी आण त्याला. तुझ्या मायच्या हातची भाकर मोडली, की मी म्हणंन दोस्ती हाय."

"जेवंल की. का न्हाई जेवणार?"

"मग आण. घोडामैदान जवळच हाय."

ते चिडून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते शांतपणे बोलले, पूर्वी कुणीतरी न जेवता गेल्यासारखं, आणि ते मला लागलं. मी पुढच्याच रविवारचं ठरवून टाकलं. लातूरला येऊन दोघांना म्हणालो, या वेळी कंधारचा किल्ला बघू आणि येताना आमच्याकडे जेवू. रफीक लगेच म्हणाला, "घराचं नाव काढलंस. चहा." बसू नुसता हसला आणि बरं म्हणाला.

तो रविवार उन्हाने भाजून काढणारा होता. अहमदपूर सोडलं आणि नवा रस्ता लागला. दुष्काळी कामावर तो रस्ता चालला होता. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग, ढिगांमागे हातोड्या घेऊन बसलेल्या बायका, आणि ठकठक ठकठक असा आवाज, की आमच्या इंजिनांतही तोच घुमायला लागला. एका लिंबाच्या झाडाखाली पाण्याचं पिंप दिसलं म्हणून आम्ही थांबलो. कामावरच्या एका मावशीने पेलाभर पाणी दिलं, तेवढ्यात आम्ही टॉवेलाची टोकं भिजवली. बसूच्या टॉवेलात धूळ इतकी बसली होती की त्याने गाठ सोडून तो ढिगावर दोन वेळा फाडफाड झटकला. मावशी म्हणाल्या, "राजा, तिकडं झटक की. आमी काय कमी खाल्ली का धूळ?" आम्ही हसलो आणि किक मारली. किल्ल्याच्या खंदकात पाणी नव्हतं, शेळ्या चरत होत्या. तटावर उभं राहून पाहिलं तर मुलूखच्या मुलूख मातकट, कुठे हिरव्याचा ठिपका नाही. बसू म्हणाला, "भूक लागली. तुझी माय काय करून राहिली आसंल?" ते वाक्य मला अजून आठवतं.

माय काय करत होती ते घरी गेल्यावर कळलं. मटणाची भांडी तिने शेजारी नेऊन ठेवली होती. शेजारणीकडून लग्नातली नवी ताटं मागून आणली होती. हापसा आटला होता म्हणून पहाटे उठून वरच्या शिवारातल्या विहिरीवरून घागर आणली होती. आणि त्या टंचाईत पुरण शिजवलं होतं. येळवणीच्या आमटीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. कुरडया तळून परातीत ठेवल्या होत्या आणि त्यांवरच्या माश्या हाकत बाबा स्वतः बसले होते. त्यांना असं काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. धुतलेलं धोतर, टोपी, अगदी तपासणीला साहेब येणार असल्यासारखे.

पंगत बसली. मायने पोळी वाढली, वर तूप सोडलं. बसूचा हात सवयीने छातीकडे गेला आणि तिथेच राहिला. त्याने शर्टाच्या आत चाचपलं, मग मानेमागे. मग हात खाली घेऊन तो ताटाकडे बघत बसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काकू," तो म्हणाला, "मला भूक न्हाई."

"आरं, दोन घास तरी घे, बाबा. उन्हाचा आलास."

"न्हाई. खरंच न्हाई."

"मग पाणी तरी घे."

मायने तांब्या पुढे केला. त्याने तांब्याकडे पाहिलं, ओठावरून जीभ फिरवली आणि मान हलवली. त्या पाण्यासाठी माय किती चालली होती हे मला माहीत होतं. रफीकचा घास हातातच राहिला. बाबा मात्र अजिबात चकित झाले नाहीत, आणि तेच मला सहन झालं नाही. त्यांनी परातीवर फडकं झाकलं आणि म्हणाले, "राहू दे गं. जबरदस्ती न्हाई कुणावर."

मी बसूला दंडाला धरून बाहेर गाड्यांपाशी नेलं. माझे कान तापले होते. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शर्टाची वरची दोन बटणं सोडून दाखवली. गळ्यात काही नव्हतं.

"लिंग पडलं कुठंतरी," तो म्हणाला. "ते अंगावर नसलं की आम्हाला अन्न न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई. आज्यापासून चालत आलंय. मी आईला शब्द दिलेला हाय."

"मग आत सांगायचं की."

"कसं सांगू? ताट वाढल्यावर सांगितलं असतं तर तुझ्या बाबाला काय वाटलं असतं? बहाणाच वाटला असता."

मागून रफीक आला होता. तो म्हणाला, "आणि न सांगितल्यानं लई चांगलं वाटलं त्यायला, न्हाई का? अक्कल के दुश्मन."

उदगीरला जाऊन स्वामींकडून दुसरं लिंग घेता आलं असतं. रफीकने ते सुचवलंही. पण मग बसू आमच्या उंबऱ्यावरून उपाशी गेला असता. बाबांना त्यांचं उत्तर कायमचं मिळालं असतं, आणि नंतर कितीही खुलासे केले तरी ते ताट भरता आलं नसतं. मी आत जाऊन सांगून टाकलं. मला वाटलं बाबा हसतील. देव हरवणाऱ्याला हसण्याचा हक्क कुणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी बसूला आत बोलावलं, एवढंच विचारलं, "शेवटचं कधी होतं गळ्यात?"

"लिंबाखाली टॉवेल भिजवला तेव्हा असंल, गुरुजी. टॉवेल सोडून झटकला, त्याच्या गाठीत अडकून गळ्यातला दोरा गेला वाटतं."

बाबांनी कोपऱ्यातली छत्री घेतली. "चला."

"कुठं?"

"पडलंय तिथं. घरात आलेलं माणूस उपाशी असताना मी जेवू का?"

ज्या फटफटीला बाबांनी कधी बोट लावलं नव्हतं, तिच्या मागच्या सीटवर ते बसले. एका बाजूला दोन्ही पाय टाकून, बाईमाणसासारखे, एका हाताने छत्री आणि दुसऱ्याने माझा खांदा आवळून. रफीक बसूच्या मागे बसला. मी पहिला गिअर टाकला तसे बाबा म्हणाले, "हळू." दुसऱ्यालाही हळू, तिसऱ्यालाही हळू. मला वेळ सोसवत नव्हता. पुढे बसू पाणी न प्यायलेला, डोक्यावर ऊन, आणि मागे माझा बाप बैलगाडीच्या चालीने मला हाकत होता. खांद्यावर त्यांची बोटं नंतर आठवडाभर उमटलेली होती.

लिंबाखाली मावशी होत्याच. फडक्यात बांधलेला काळा दगड हरवलाय म्हटल्यावर त्यांनी समोरच्या ढिगांकडे हात केला. "काळा दगुड? इथं दुसरं काय हाय, लेकरा?" आमच्या गाड्या थांबल्या होत्या तिथे तीन ढीग होते. नेमका कुठला, यावर आम्हा तिघांचं एकमत होईना. बसू एका ढिगाला भिडला, रफीक दुसऱ्याला. बाबांनी छत्री मिटली, धोतर खोचलं आणि तिसऱ्यापुढे उकिडवे बसले. मी त्यांच्याजवळ. खडी हातांनी ओढायची, बघायची, मागे टाकायची. दगड तापलेले, बोटांची सालं निघायची वेळ आली. मध्येच बायकांचे हातोडे थांबले आणि त्यांच्यातल्या दोघी येऊन बसूजवळ शोधू लागल्या. मी सारखा उठत होतो, दुसऱ्या ढिगावर जात होतो, परत येत होतो. बाबा जागचे हलले नाहीत.

खडी ओढता ओढता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "देव डोहात सोडले तेव्हा माझी माय दोन सांजा जेवली न्हाई. मी तिला हसलो होतो."

"मग? सोडायला नको होते?"

"सोडले ते बरोबरच. हसलो ते चुकलं."

थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. खडीच्या फटीत भगव्या फडक्याचं टोक दिसत होतं, धुळीने जवळजवळ दगडाच्याच रंगाचं झालेलं. त्यांनी त्याला हात लावला नाही. बसूला हाक मारली. तो धावत आला, गुडघ्यांवर बसला, पण उचलेना.

"घे की," बाबा म्हणाले.

"गुरुजी, तुम्हाला सापडलं. तुम्हीच द्या."

"तुमच्यात दुसऱ्याचा हात लागू देत न्हाईत म्हणं."

"न्हाई देत," बसू म्हणाला. त्याचे ओठ चिकटत होते. "तरी द्या."

डोहातल्या टोपलीनंतर बाबांनी असल्या कशाला हात लावला नव्हता, हे मला ठाऊक होतं आणि बसूलाही मी कधीतरी सांगितलं होतं. मग त्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले, गाठोडं उचललं, त्यावरची धूळ फुंकली आणि बसूच्या ओंजळीत ठेवलं.

"मी देव म्हणून देत न्हाई. तुझी वस्तू म्हणून देतो."

"मी देव म्हणून घेतो," बसू म्हणाला.

मावशींनी पिंपातलं पाणी आणलं. बसूने लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटून उघडले, आणि मग तो इतकं पाणी प्यायला की मावशींना हात आखडता घ्यावा लागला. घरी परत गेलो तेव्हा माय दारात बसली होती, तीही जेवली नव्हती. बसूने चार पोळ्या खाल्ल्या आणि आमटीची वाटी उचलून तोंडाला लावली. मायने पदराने डोळे टिपले आणि रफीकला वाढायला विसरली, त्याची तक्रार तो पुढे कित्येक वर्षं करत असे. बाबा सगळ्यांच्या शेवटी जेवले. हात धुतल्यावर त्यांनी बसूला विचारलं, "आता मी कवा येऊ तुझ्या घरी जेवायला?"

दोस्ती मान्य केल्याचं त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. हा प्रश्नच विचारला. बसूचं हसू ओसरलं. उदगीरचं त्याचं घर कसं आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी तिथे दारापर्यंत गेलो होतो, आत नाही. बसूने टॉवेलाने तोंड पुसायला फार वेळ लावला. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी मी बाबांना घेऊन उदगीरला गेलो. हळू, हळू करतच गेलो. बसूच्या वडिलांनी नमस्कार केला, पाऊसपाण्याचं विचारलं आणि काम आहे म्हणून आतल्या खोलीत गेले. आमची ताटं ओसरीवर मांडली होती. पितळी नव्हती, वेगळी, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. माझ्या पायांना पळायची घाई झाली. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मांडी घातली. बसू आतून स्वतःचं ताट घेऊन आला आणि आमच्याशेजारी ओसरीवर बसला. त्याची आई दाराच्या चौकटीत उभी होती. तिचं लक्ष पोराच्या गळ्यातल्या डबीकडे होतं आणि मग बाबांच्या हातांकडे. त्या हातांनी काय केलं ते बसूने तिला सांगितलं असणार. ती पुढे आली आणि तिने बाबांच्या ताटात तूप वाढलं, उंचावरून नाही, वाकून.

जेवण झाल्यावर बाबा जुन्या सवयीने स्वतःचं ताट घेऊन विसळायला उठले. बसूने ते त्यांच्या हातातून घेतलं. बाबा सोडेनात. दोघेही क्षणभर ताट धरून उभे राहिले. मग बाबांनी सोडलं. बसू आमची तिन्ही ताटं एकावर एक ठेवून ओसरी ओलांडून, वडील बसले होते त्या खोलीवरून, थेट स्वयंपाकघरात गेला. आतून भांडी ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

परतताना रस्ता मोकळा होता. ऊन कलत होतं. बाबांची छत्री आडवी मांडीवर आणि हात माझ्या खांद्यावर होता, पण बोटं सैल. मी त्यांच्या धाकाने तिसऱ्या गिअरात, बैलगाडीच्या चालीने चाललो होतो. एक कोस गेला, दोन कोस गेले. मग मागून त्यांचा आवाज आला.

"काय रे, इतकं हळू का चालवून राहिलास?"